एक सूची, तीन प्रती

गेल्या महिन्यात या सदरात आपण जुने अंक स्कॅन कसे करतात आणि त्यातली छापील अक्षरं संगणकाला कशी ओळखता येतात ते पाहिलं. लेख आल्यावर मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर बरेच प्रश्न आले. त्यातला एक असा होता: "एकदा सापडलेली गोष्ट संगणकाला दुसऱ्या दिवशी सापडत नाही, असं होऊ शकतं का? की आपल्याच समजुतीचा घोटाळा असतो?"

तर मंडळी, असं होऊ शकतं. मी हे इथे बडोद्यातच पाहिलंय. पण ते का होतं हे कळायला आधी शोध म्हणजे काय ते थोडं समजून घ्यावं लागेल.

आपण शोधाच्या चौकटीत शब्द टाकतो तेव्हा संगणक सगळी पानं वाचत बसत नाही. तसं केलं तर हजारो पानं चाळायला फार वेळ लागेल. जाडजूड पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते, तशी सूची त्याने आधीच करून ठेवलेली असते. समजा तीन लेख आहेत. पहिल्यात सुरसागरचा उल्लेख आहे, दुसऱ्यात सुरसागर आणि गणपती दोन्ही आहेत, तिसऱ्यात फक्त गणपती. मग सूचीत 'सुरसागर' या शब्दापुढे १ आणि २ हे आकडे, 'गणपती' पुढे २ आणि ३. तुम्ही दोन्ही शब्द एकदम विचारले की संगणक दोन्ही ओळींतला समान आकडा बघतो आणि २ नंबरचा लेख पुढे करतो. लेखात शब्द असतात, इथे शब्दात लेख असतात, म्हणून हिला उलटी सूची म्हणतात.

जगभरातल्या असंख्य संकेतस्थळांवर ही सूची 'ल्यूसीन' नावाच्या मोफत सॉफ्टवेअरने बनते. डग कटिंग यांनी ते १९९९ मध्ये लिहिलं. ल्यूसीन हे त्यांच्या पत्नीचं मधलं नाव! पुढे या ल्यूसीनच्या पायावर दोन मोठी इंजिनं उभी राहिली: 'सोलर' आणि 'इलॅस्टिकसर्च'. दुसऱ्याची जन्मकथाही घरगुतीच आहे. शाय बॅनन यांची पत्नी लंडनला पाककला शिकत होती. तिच्या पाककृती शोधता याव्यात म्हणून ते शोधयंत्राच्या कामात शिरले आणि त्यातूनच २०१० मध्ये इलॅस्टिकसर्च आलं. आपल्याकडे पाककृतींच्या वह्या हरवतात, त्यांच्याकडे त्यातून कंपनी निघाली.

आता सूची एका यंत्रावर आहे. मग ती अनेक यंत्रांवर कशाला न्यायची? कारणं दोन. एक म्हणजे गर्दी. दिवाळीत सगळेच दिवाळी अंक शोधू लागले तर एकट्या यंत्राला झेपत नाही. दुसरं म्हणजे यंत्र कधी ना कधी बंद पडतंच. डिस्क जाते, वीज जाते. त्या वेळी दुसरं कोणीतरी उत्तर द्यायला हवं.

इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. ज्ञानकोशाचे सगळे खंड एका कपाटात मावत नाहीत, म्हणून तुम्ही ते तीन कपाटांत वाटून ठेवले तर ती झाली वाटणी. एक कपाट जळलं तर तेवढे खंड गेले. पण ज्ञानकोशाचे दोन पूर्ण संच विकत घेऊन दोन वेगळ्या इमारतींत ठेवले तर त्या झाल्या प्रती. मोठ्या शोधयंत्रांत दोन्ही करतात: सूचीचे तुकडे करतात आणि प्रत्येक तुकड्याच्या प्रती वेगवेगळ्या यंत्रांवर ठेवतात. आपल्यासारख्या संस्थांच्या कामाला तुकडे लागतच नाहीत, एवढी मोठी सूची नसतेच. प्रती मात्र हव्यात.

प्रत बनवायच्या रीतीही दोन आहेत. पहिली रीत डब्यासारखी. स्वयंपाक एकाच घरी होतो आणि तयार डबे बाकीच्या घरी जातात. म्हणजे मुख्य यंत्र सूची बनवतं आणि बाकीची यंत्रं तयार फाइली उतरवून घेतात. दुसरी रीत कृती पाठवण्यासारखी. कच्चा लेखच सगळ्या यंत्रांना पाठवायचा आणि प्रत्येकाने आपापली सूची बनवायची.

पहिल्या रीतीत कष्ट एकदाच होतात आणि सगळीकडे तंतोतंत तीच चव मिळते. दुसऱ्या रीतीत नवा लेख लवकर सगळीकडे पोचतो, पण कष्ट प्रत्येक यंत्राला. शिवाय सगळ्यांचं तिखट-मीठ सारखं हवं. इलॅस्टिकसर्च सुरुवातीपासून दुसऱ्या रीतीने चालत आलं आहे. सोलर फार वर्षं पहिल्या रीतीने चालायचं, आता त्यात दोन्हींची सोय आहे.

डब्याची रीत शक्य होते ती ल्यूसीनच्या एका सवयीमुळे. एकदा लिहिलेली फाइल ते पुन्हा बदलत नाही. नवे लेख आले की नव्या फाइलींचा छोटा गठ्ठा. एखादा लेख काढून टाकला तर जुन्या गठ्ठ्यातून तो खोडत नाहीत, 'हा आता धरू नये' अशी वेगळी खूण ठेवतात. त्यामुळे प्रतीला फक्त नवे गठ्ठे आणावे लागतात, जुने तिच्याकडे असतातच. पण असे गठ्ठे साठत गेले की शोध मंदावतो. म्हणून अधूनमधून अनेक लहान गठ्ठे एकत्र करून एक मोठा गठ्ठा बांधतात आणि जुने टाकून देतात. हा बांधाबांधीचा दिवस प्रतींसाठी जड जातो, कारण मजकूर तोच असला तरी फाइल नवी असते आणि ती पूर्ण उतरवावी लागते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता बडोद्यातली गोष्ट. एका जुन्या वाचनालयाने आपले मराठी अंक स्कॅन करून लोकांसाठी शोधायला खुले केले. व्यवस्था चांगली होती. एका मुख्य यंत्रावर नवी पानं चढायची. दुसरी दोन यंत्रं दर मिनिटाला मुख्य यंत्राला विचारायची, "काही नवीन?" आणि असेल ते उतरवून घ्यायची. वाचकांना उत्तरं ही दोनच यंत्रं द्यायची. त्यांच्यापुढे एक वाटप्या बसवलेला होता. तो एक प्रश्न या यंत्राकडे, पुढचा त्या यंत्राकडे असं वाटायचा.

मंडळाच्या एका ज्येष्ठ सभासद काकूंनी एका संध्याकाळी तिथे आपल्या वडिलांचं नाव टाकून पाहिलं. वडील शाळेत शिक्षक होते. लिहायचे असं घरात सगळ्यांना माहीत होतं, पण छापील असं काही उरलं नव्हतं. आणि काकूंना वडिलांचा लेख सापडला. जुन्या दिवाळी अंकातली तीन पानं, वर वडिलांचं नाव. त्यांनी पानाचे आकडे कालनिर्णयच्या मागच्या बाजूला लिहून ठेवले आणि पुण्याला लेकीला फोन केला. लेकीने लगेच शोधून पाहिलं. 'काहीही सापडलं नाही.' दुसऱ्या दिवशी नातवाने पाहिलं, नाही. काकूंनी स्वतः पुन्हा पाहिलं, नाही.

"आई, दुसऱ्या कोणाचा तरी लेख असेल, तुला वाटलं असेल," असं घरात बोलणं झालं. कोणी वाईट हेतूने म्हणालं नाही. पण काकू मला म्हणाल्या ते असं: "अहो, मी ब्याऐंशी वर्षांची आहे. आता मी काही सांगितलं की आधी मशीनला विचारतात, आणि मशीन नाही म्हणालं की माझं डोकं ठिकाणावर नाही असं ठरतं."

मी वाचनालयाच्या परवानगीने पाहायला बसलो. वाटप्याला बाजूला ठेवून तोच शब्द दोन्ही प्रतींना वेगवेगळा विचारला. एकीने लेख दिला, दुसरीने दिला नाही. मग एकूण लेखांची संख्या विचारली. दुसऱ्या प्रतीत दोनशेच्या वर लेख कमी होते. तिच्या नोंदवहीत कारण लिहिलेलं होतंच: अडीच आठवड्यांपूर्वी मुख्य यंत्रावर गठ्ठ्यांची मोठी बांधाबांध झाली होती. नवा मोठा गठ्ठा उतरवायचा तर तो पूर्ण येईपर्यंत जुनाही ठेवावा लागतो, म्हणजे तेवढा वेळ जवळपास दुप्पट जागा हवी. तेवढी जागा डिस्कवर नव्हती. दर वेळी फाइल अर्धी उतरायची, जागा संपायची, अर्धी फाइल टाकून दिली जायची, आणि पुढच्या मिनिटाला पुन्हा तोच खेळ. तोपर्यंत ती प्रत आपल्याकडच्या जुन्या सूचीवरून इमानेइतबारे उत्तरं देत होती. काकूंच्या वडिलांचा लेख नंतर चढला होता, त्यामुळे तो तिच्याकडे नव्हताच.

कोणाच्या लक्षात का आलं नाही? कारण वाटप्या प्रत्येक यंत्राला एकच विचारायचा, "आहेस ना?" आणि दोघंही म्हणायची, "आहे." बंद पडलेलं यंत्र ओळखणं सोपं असतं. मागे पडलेलं यंत्र ओळखायला दुसरा प्रश्न लागतो: "तुझ्याकडची सूची कितव्या आवृत्तीची आहे?" सोलरमध्ये प्रत्येक प्रतीला आपल्या सूचीचा आवृत्ती क्रमांक माहीत असतो, आणि मुख्य यंत्राचाही कळतो. दोन आकडे ताडून पाहायचे, आणि ठरावीक वेळेपेक्षा जास्त फरक राहिला तर त्या प्रतीकडे वाचक पाठवायचे नाहीत, एवढंच करायचं होतं. डिस्क मोठी केली, आकडे ताडायची सोय वाटप्याला जोडली. काकूंना तीनही पानं छापून दिली.

त्याच वेळी आणखी एक गंमत सापडली. 'बडोदे' शोधलं तर 'वडोदरा' असलेले लेखही यायला हवेत, म्हणून समानार्थी शब्दांची एक छोटी फाइल असते: बडोदे, बडोदा, वडोदरा, सगळे एकच. ती फाइल एका प्रतीवर हाताने सुधारली होती, दुसरीवर नाही. म्हणजे सूची सारखी झाली तरी उत्तरं वेगळीच आली असती. मराठीत हे फार जपावं लागतं. आपले जुने अंक 'कांहीं' आणि 'नाहीं' लिहितात, आपण 'काही' आणि 'नाही' टंकतो. 'हिन्दी' आणि 'हिंदी' तेच. ही सगळी जुळवाजुळव ठरावीक नियमांनी होते, आणि नियमांची फाइलही सूचीबरोबर प्रत्येक यंत्रावर गेली पाहिजे. सोलरमध्ये तशी सोय आहे, फक्त कोणत्या फाइली पाठवायच्या ते नावानिशी सांगावं लागतं. शिवाय नुसती ती फाइल बदलून भागत नाही. सूचीत काही बदल झाला तरच तिच्याबरोबर ती पुढे जाते.

प्रती वेगळ्या पडण्याचा त्रास आपल्याला नवा नाही. ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखित प्रतींत पाठभेद शिरले, तेव्हा एकनाथांनी प्रती ताडून शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध प्रत सिद्ध केली. नकलणाऱ्यांनी मुद्दाम काही केलं असेल असं नव्हे. कोणाला एखादी ओळ अडली, कोणी स्वतःच्या बोलीतला शब्द घातला. अनेक हातांनी प्रती वाढल्या म्हणूनच ग्रंथ घरोघर पोचला, आणि त्यामुळेच कधीतरी बसून त्या ताडूनही पाहाव्या लागल्या.

मग आजची मोठी शोधयंत्रं हे कसं सांभाळतात? इलॅस्टिकसर्चमध्ये नवा लेख आधी मुख्य प्रतीत जातो, ती तो बाकीच्या प्रतींना पाठवते, आणि सगळ्यांनी 'मिळाला' म्हटल्यावरच पाठवणाऱ्याला पोच मिळते. एखादी प्रत उत्तर देईना तर तिचं नाव 'बरोबरीच्या' प्रतींच्या यादीतून काढतात. मागे पडलेल्या प्रतीला पुन्हा यादीत यायचं तर आधी सगळा राहिलेला अभ्यास पुरा करावा लागतो. थोडा उशीर इथेही असतो. साधारण सेकंदाभरात नवा लेख शोधात दिसू लागतो, तोपर्यंत एका प्रतीत दिसेल आणि दुसरीत नाही असं घडू शकतं. सेकंदाचा फरक चालतो. अडीच आठवड्यांचा चालत नाही.

सगळ्यात अवघड प्रश्न वेगळाच आहे: मुख्य कोण हे ठरवायचं कोणी? समजा दोनच यंत्रं आहेत आणि त्यांच्यामधली तार तुटली. दोघांनाही वाटतं, समोरचा गेला, आता मीच मुख्य. दोघंही नवे लेख स्वीकारू लागतात. तार जोडली जाते तेव्हा दोन घरांत दोन वेगळे हिशेब तयार असतात आणि कोणता खरा हे सांगता येत नाही. यावर तोडगा म्हणजे बहुमत. यंत्रं तीन ठेवायची, आणि निदान दोघांचं एकमत झाल्याशिवाय कोणी मुख्य व्हायचं नाही. तार तुटून एक एकटं पडलं तर त्याने गप्प बसायचं. म्हणूनच अशा ठिकाणी तीन, पाच अशी विषम संख्या दिसते. चार ठेवून फायदा नाही, कारण चारचं बहुमत तीन, म्हणजे तिथेही एकच यंत्र गमावणं परवडतं. सोलरच्या समूहांमध्ये हे काम 'झूकीपर' नावाचं वेगळं सॉफ्टवेअर करत आलं आहे.

हे वाटतं तितकं सोपं नाही. काइल किंग्सबरी नावाचे एक अभियंता अशा यंत्रणांची जाहीर परीक्षा घेतात. त्यांनी २०१४ मध्ये इलॅस्टिकसर्चच्या यंत्रांमधलं जाळं मुद्दाम तोडून पाहिलं, तेव्हा पोच दिलेल्या नोंदीही हरवताना दिसल्या. पुढे त्यात बरीच सुधारणा झाली आणि २०१९ च्या ७.० या आवृत्तीत मुख्य निवडण्याची पद्धतच नव्याने लिहिली गेली.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा. प्रती आहेत म्हणजे सगळं सुरक्षित आहे, हा समज चुकीचा. कोणी चुकून शंभर लेख पुसले तर ती आज्ञाही तितक्याच तत्परतेने सगळ्या प्रतींवर पोचते. प्रती यंत्र बिघडण्यापासून वाचवतात, माणसाच्या हातून घडलेल्यापासून नाही. त्यासाठी जुन्या तारखेची, बाजूला काढून ठेवलेली साठवण वेगळी लागते. आणि सूची म्हणजे मूळ ठेवा नव्हे. मूळ स्कॅन आणि मजकूर जपून ठेवले असतील तर सूची कधीही नव्याने बांधता येते. मूळच गेलं तर कितीही प्रतींनी ते परत येत नाही.

हे सगळं आपल्याला का माहीत हवं? कारण आता आपल्या संस्था, वाचनालयं, मंडळं सगळीच आपापले जुने अंक आणि नोंदी संगणकावर नेत आहेत. या शहराला ग्रंथालयांचा मोठा वारसा आहे. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून संस्थानभर ग्रंथालयांची व्यवस्था उभी केली, पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरवल्या. पुस्तक जागेवर नसेल तर ग्रंथपाल म्हणायचा, "बाहेर गेलंय, परवा या." यंत्र तसं म्हणत नाही. ते सरळ 'नाही' म्हणतं, आणि आपण ते शेवटचं उत्तर मानतो. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्यांच्या आठवणी फार थोड्या ठिकाणी छापल्या गेल्या आहेत. एखाद्या घराचा तो एकुलता एक उल्लेख असू शकतो.

म्हणून तुमच्या संस्थेत असं काम कोणाला देणार असाल तर त्यांना हे पाच प्रश्न जरूर विचारा:

१. प्रती किती आहेत, आणि त्या वेगवेगळ्या यंत्रांवर आहेत ना?

२. एखादी प्रत मागे पडली तर कोणाला कळतं, आणि किती वेळात?

३. मागे पडलेल्या प्रतीकडे वाचक जाणं आपोआप थांबतं का?

४. समानार्थी शब्दांची आणि जुन्या-नव्या लेखनाची फाइल सगळीकडे एकच आहे का?

५. मूळ स्कॅन आणि मजकूर या यंत्रांच्या बाहेर कुठे ठेवले आहेत?

आणि एक छोटीशी विनंती. शोधाच्या पानावर खाली एक ओळ असू द्यावी: 'ही सूची अमुक तारखेपर्यंतची आहे.' त्या वाचनालयाने ती आता घातली आहे. खर्च काही नाही, पण 'सापडलं नाही' या उत्तराशेजारी ती तारीख दिसली की वाचक दोन दिवसांनी पुन्हा येऊन बघतो.

तुम्हालाही असा अनुभव आला असेल तर कोणता शब्द टाकला होता, कधी आणि कुठून, एवढं जरूर लिहून ठेवा. पानाचा आकडाही टिपा. यंत्र दुरुस्त करणाऱ्याला तेवढाच धागा पुरतो.

पुढच्या महिन्यात बोलूया 'ऱ्ह' आणि 'र्ह' बद्दल, म्हणजे दिसायला जवळजवळ सारख्या पण संगणकाला वेगळ्या वाटणाऱ्या आपल्या जोडाक्षरांबद्दल.